वयाच्या आकड्याखाली दोन ओळी लिहा

प्रति,
मा. अध्यक्ष,
केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, मुंबई



फेब्रुवारी २०२५मध्ये ‘छावा’ लागला तेव्हा गावोगावच्या थिएटरांसमोर घरंच्या घरं उभी होती. आजी, आई-वडील, दहावीतला मुलगा आणि कडेवर तीन वर्षांची धाकटी. आपल्या मंडळाने त्या सिनेमाला ‘यूए १६+’ प्रमाणपत्र दिलं होतं आणि ते योग्यच होतं, असं मला आजही वाटतं. संभाजी महाराजांचे कैदेतले हाल मोठ्या माणसालाही बघवत नाहीत. पण रांगेत ज्या आयांशी माझं बोलणं झालं, त्यांच्यापैकी कोणालाच सोळा हा आकडा कशासाठी आहे ते सांगता येईना. पोस्टरवर आकडा होता, तिकिटाच्या ॲपवर आकडा होता. कारण कुठेच नव्हतं. आपल्या राजाचा सिनेमा, पोरांनी बघायलाच पाहिजे, एवढ्या एका भावनेने लोक आत गेले. ती भावना मला कळते, माझीही तीच होती. शेवटच्या भागात मात्र आमच्या मागच्या रांगेतली पाच-सहा वर्षांची मुलगी ‘घरी चल ना’ म्हणत आईचा हात ओढत राहिली. गच्च भरलेल्या रांगेतून त्या आईला धड उठून बाहेरही पडता येईना.

मी तालुक्याच्या गावातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आठवी, नववी आणि दहावी. तेरा ते सोळा वर्षांची मुलं दिवसभर माझ्यासमोर असतात आणि काल रात्री काय बघितलं ते न विचारता सांगतात. त्यांना काय झेपतं, काय झेपत नाही आणि कशामुळे त्यांचं खरोखर नुकसान होतं, याबद्दल माझी काही ठाम मतं झाली आहेत. ती आपल्यापर्यंत पोचावीत आणि आपल्यासोबत इतर पालकांनीही वाचावीत, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

आधी जे चांगलं झालं ते. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात सुरुवातीला दोनच खण होते, सर्वांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’. १९८३मध्ये मधला ‘यूए’ आला आणि त्याची रेघ बारा वर्षांवर ओढली गेली. पुढची चाळीस वर्षं तेरा वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांचा मुलगा कायद्याच्या लेखी सारखेच राहिले. आठवीतल्या आणि बारावीतल्या पोरात केवढं अंतर असतं, हे कुठलीही आई सांगेल. श्याम बेनेगल यांच्या समितीने २०१६ साली हा खण वयानुसार विभागायला सुचवलं. २०२३च्या दुरुस्तीने ते प्रत्यक्षात आलं आणि ७+, १३+, १६+ अशा तीन पायऱ्या तयार झाल्या. माझ्या वर्गातली मुलं कायद्याला पहिल्यांदाच वेगळी दिसली. त्याबद्दल मनापासून आभार.

पण या तिन्ही पायऱ्या सल्ल्यापुरत्या आहेत. ‘ए’ सिनेमाला अठराच्या आतल्या मुलाला दारातच अडवायचं असतं. ‘यूए १६+’ला मात्र आई-वडिलांसोबत तान्हं बाळ आलं तरी कोणी अडवत नाही, कारण तिथे निर्णय पालकांवर सोपवलेला आहे. मला ही रचना मान्य आहे. आपल्या मुलाला काय सोसवेल हे सरकारपेक्षा घराला जास्त कळतं. मात्र निर्णय घरावर सोपवायचा तर त्यासाठी लागणारी माहितीही घराला मिळायला हवी. नुसता आकडा म्हणजे नंबर आहे पण गावाचं नाव नाही अशी एस.टी.ची पाटी. गाडी कुठे जाणार ते ड्रायव्हर-कंडक्टरला ठाऊक, चढणाऱ्याला नाही.

ओटीटीवर २०२१च्या नियमांमुळे निदान ‘हिंसा’, ‘शिवीगाळ’, ‘अमली पदार्थ’ असे दोन-तीन शब्द सुरुवातीला कोपऱ्यात उमटतात. ब्रिटनचं बोर्ड याच्या कितीतरी पुढे गेलं आहे. प्रत्येक सिनेमाला अमुक वय का दिलं, हिंसा कुठल्या प्रकारची आहे, धमकी किती वेळ टिकते, शरीरसंबंध दाखवला आहे की नुसता सुचवला आहे, हे ते आपल्या संकेतस्थळावर सविस्तर लिहितं. ठरावीक वर्षांनी हजारो सामान्य लोकांना विचारून आपले निकष तपासूनही घेतं. तिथला सोळा वर्षांच्या मुलाचा बाप तिकीट काढण्याआधी ते वाचून मुलाशी बोलू शकतो. आमच्याकडचा बाप काय वाचणार?

यात अवघड असं काही नाही. ‘छावा’साठी एवढं पुरलं असतं: ‘लढायांमध्ये भरपूर रक्तपात आहे. शेवटच्या भागात बंदिवान राजाचा छळ सविस्तर आणि बराच वेळ दाखवला आहे, त्यात डोळे आणि जीभ यांच्यावरचे अत्याचार आहेत. लहान मुलं घाबरतील. मोठ्या मुलांशी आधी बोलून घ्यावं.’ ही चार वाक्यं मराठीत, तिकिटाच्या खिडकीजवळ आणि ॲपवर लावली असती, तर त्या मागच्या रांगेतल्या आईने मुलीला घरी कोणापाशी तरी ठेवलं असतं आणि ती निवांत आली असती. एकाही प्रेक्षकाचा हक्क गेला नसता, एकही फ्रेम कापावी लागली नसती.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येते. वय ठरवताना आपल्या समित्या काय मोजतात?

बाहेर बसून जे दिसतं त्यावरून वाटतं, की शिव्या मोजल्या जातात, चुंबनाचे सेकंद मोजले जातात, रक्त मोजलं जातं. मोजता येणाऱ्या गोष्टी मोजणं सोपं असतं. पण सर्वोच्च न्यायालयाने १९७० सालीच, ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात, याच्या उलट सांगून ठेवलं आहे. अब्बास यांच्या छोट्या माहितीपटात मुंबईतल्या वेश्यावस्तीची दृश्यं होती. त्याला ‘यू’ मिळावं म्हणून ते भांडत होते. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी सेन्सॉरची गरज मान्य केली, पण विषय कुठला यावर कात्री चालू नये, तो विषय कसा हाताळला आहे ते बघावं, असं बजावलं. आपल्या मार्गदर्शक तत्त्वांतही सिनेमा समग्र बघावा, त्याचा एकूण परिणाम लक्षात घ्यावा असं आहे. ते तत्त्व सगळ्यात जास्त कुठे लागू व्हायला हवं असेल, तर ते तेरा ते सतरा या वयाच्या बाबतीत.

याचं कारण मी माझ्या वर्गात बघितलं आहे. आम्ही नववीला नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ दाखवला. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. डुक्कर पकडायला सिनेमातल्या दलित मुलाचं, जब्याचं, अख्खं घर शाळेच्या भिंतीलगत धावतंय, डुक्कर हाताशी आलंय आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. ती सगळी माणसं जागच्या जागी ताठ उभी राहतात आणि डुक्कर निघून जातं. मुलं हसली. सिनेमा संपल्यावर त्याच प्रसंगावर बोलणं सुरू झालं. एक मुलगा म्हणाला, “बाई, आधी डुक्कर धरायचं ना, मग उभं राहायचं.” मागच्या बाकावरून एका मुलीने खालच्या आवाजात उत्तर दिलं, “उभी राहिली नसती तर त्यांनाच मारलं असतं.” हसलेली मुलं गप्प झाली. त्यांतल्या दोघांनी दुसऱ्या दिवशी मला विचारलं, की आपल्या गावातही अशा घरांची वस्ती ओढ्यापलीकडेच का आहे. मी इतकी वर्षं धडे शिकवते, हा प्रश्न मला आजवर कुठल्याही धड्यानंतर आला नव्हता.

त्याच आठवड्यात एक पालक तक्रार घेऊन आले. सिनेमात जातीवरून शिवीगाळ आहे, असले शब्द पोरांच्या कानावर कशाला घालता, असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, “हे शब्द तुमच्या मुलाने पहिल्यांदा इथे ऐकले का?” ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पहिल्यांदा नाही हो, पण शाळेत?” त्यांची काळजी खोटी नव्हती. शब्द तोच असतो. पारावर तो चेष्टा म्हणून ऐकू येतो आणि ‘फँड्री’त जब्याच्या चेहऱ्यावर तो उमटलेला दिसतो. मुलाला फरक पडतो तो या दुसऱ्या गोष्टीने. शिव्यांची यादी करणाऱ्या समितीला दोन्हीकडे तोच शब्द दिसेल.

आणि याच्या उलट बघा. एकही शिवी नाही, रक्ताचा थेंब नाही, चुंबन नाही, आणि तरीही माझ्या आठवीतल्या मुलींसाठी घातक, असे कितीतरी सिनेमे बिनदिक्कत येतात. नायक मुलीच्या मागे मागे जातो, तिच्या शाळेच्या दारात उभा राहतो, ती नाही म्हणते, तो हसतो, मित्र टाळ्या देतात, गाणं सुरू होतं आणि शेवटी ती त्याच्या गळ्यात पडते. २०१३पासून पाठलाग करणं हा आपल्या देशात गुन्हा आहे. आधी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४-ड खाली होता, आता न्याय संहितेत आहे. पडद्यावर तेच प्रेम असतं. दरवर्षी माझ्याकडे अशी एखादी तरी मुलगी येते, जिने एस.टी. स्टँडवर उभ्या राहणाऱ्या मुलामुळे शाळा बुडवलेली असते. तो मुलगाही बहुतेक वेळा गुंड नसतो. आपण कोणाला त्रास देतोय हे त्याला खरंच कळत नसतं. चिकाटी धरली की ‘नाही’चं ‘हो’ होतं, हे तो कुठून शिकला? मला वाटतं, किशोरवयीन मुलांसाठी सिनेमा तपासताना पहिला प्रश्न हा हवा: यात नकार दिलेल्या मुलीचं पुढे काय होतं? आणि तिच्या बाजूने सिनेमा एकदा तरी उभा राहतो का? चुंबन किती सेकंद टिकतं, हा प्रश्न त्यानंतर बऱ्याच वेळाने यावा.

ऑगस्ट २०२३मध्ये ‘ओएमजी २’ आला. एका शाळकरी मुलाचा नको तो व्हिडिओ पसरतो, शाळा त्याला काढून टाकते, मुलगा खचतो आणि बाप कोर्टात जाऊन म्हणतो, की माझ्या मुलाला शाळेने लैंगिक शिक्षण दिलं असतं तर ही वेळ आली नसती. दहावीच्या मुलांना वडिलांशेजारी बसवून दाखवावा असा विषय. मंडळाने त्यात अनेक बदल करून घेतले आणि वर ‘ए’ दिलं. ज्या मुलाची ती गोष्ट, त्याच्या वयाच्या एकाही मुलाला तो थिएटरात बघता आला नाही, आई-वडील सोबत असते तरीही. आणि दिवस कुठले, तर यूएच्या तीन पायऱ्या करणारं विधेयक संसदेने मंजूर केलं त्याच पंधरवड्यातले. १६+ ही पायरी नेमकी अशाच सिनेमासाठी आहे. महाराष्ट्राला हा विषय नवा नव्हता. रवी जाधव यांच्या ‘बालक-पालक’ने २०१३च्या जानेवारीत चाळीतल्या चार मुलांची तीच उत्सुकता, तीच चोरून आणलेली व्हिडिओ कॅसेट, तीच बोलायला घाबरणारी घरं दाखवली होती. मुलं त्यामुळे बिघडली नाहीत. काही घरांत तर आई-वडिलांना पहिल्यांदा तोंड उघडता आलं. ‘ओएमजी २’ पुन्हा तपासून त्याला १६+ द्यावं, अशी माझी आपल्याला स्पष्ट विनंती आहे.

वय सांगायचं आणि वर कापायचंही, हे मला समजत नाही. जुलै २०२५मध्ये ‘सुपरमॅन’ला १३+ मिळालं आणि चुंबनाची तेहतीस सेकंदांची दृश्यं गेली. तेरा वर्षांवरच्यांनीच बघावं असं एकदा म्हटल्यावर तेरा वर्षांच्या मुलाला काय दिसणार याचाही विचार झालेला असतो ना? मग कात्री कोणासाठी? तो सिनेमा परदेशी, तिथे फार नुकसान झालं नाही. मला खरं दुःख झालं ते ‘फुले’च्या वेळी.

एप्रिल २०२५मध्ये जोतिबांच्या जयंतीला येणारा हा हिंदी सिनेमा दोन आठवडे पुढे गेला. प्रमाणपत्र ‘यू’ होतं, म्हणजे सर्वांसाठी. पण ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द आणि जातिव्यवस्थेचे काही उल्लेख बदलायला सांगितल्याचं तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. मी ते वाचलं आणि मला मुक्ता साळवे आठवली. जोतिराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मुलगी. १८५५ साली तिने आपल्या समाजाच्या हालअपेष्टांवर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्याच्या शीर्षकातच मांग आणि महार हे दोन्ही शब्द आहेत. आमच्या शाळेत तीन जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, नववीतली एखादी मुलगी स्टेजवर उभी राहून तो निबंध मोठ्याने वाचते, शीर्षकासकट. चौदा वर्षांच्या मुलीने ज्या शब्दांत आपलं दुःख लिहिलं, ते शब्द आजच्या चौदा वर्षांच्या मुलीने पडद्यावर ऐकू नयेत, असं ठरवताना समितीच्या डोळ्यांसमोर नक्की कुठलं मूल होतं? हे मी रागाने विचारत नाही. मला खरंच उत्तर हवं आहे, कारण पुढच्या तीन जानेवारीला एखाद्या मुलीने मला हे विचारलं तर तिला काय सांगायचं ते मला ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, बाई, थिएटरचं काय घेऊन बसलात, पोरं सगळं मोबाइलवर बघतात. बघतात. ‘ॲनिमल’ला आपण ‘ए’ दिलं. दोन महिन्यांत तो ओटीटीवर आला आणि माझ्या दहावीतल्या अर्ध्या मुलांनी तो बघितला. नायक बायकोशी कसा वागतो, दुसऱ्या मुलीला बूट चाटायला कसा सांगतो, यावर वर्गात मुलं आणि मुली हमरीतुमरीवर आली. तो तास मी धडा बाजूला ठेवून त्यांनाच दिला. त्या तासातून मला कळलं ते हे, की त्या सिनेमात काय आहे हे घरातल्या एकाही मोठ्या माणसाला माहीत नव्हतं. ‘ए’ म्हणजे काहीतरी घाण असणार, एवढंच आई-वडिलांना वाटलं होतं, आणि मोबाइल हातात देताना तेवढंही आठवलं नव्हतं. दारावरचा पहारेकरी उरला नाही, म्हणून मंडळाचं काम संपलं असं मला वाटत नाही. उलट आता घराघरांत पोचणारी गोष्ट एकच उरली आहे, ती म्हणजे आपल्या मंडळाने दिलेली माहिती. सिनेमा थिएटरातून टीव्हीवर गेला, फोनवर गेला, तरी ती माहिती त्याच्यासोबत जाऊ शकते.

आता बघायला बसतं कोण याबद्दल. आपल्या सल्लागार मंडळात विविध क्षेत्रांतली माणसं असतात, समितीत स्त्रियाही असाव्या लागतात, हे चांगलं आहे. पण यूएचे सिनेमे तपासणाऱ्या प्रत्येक समितीत एक तरी माणूस असा हवा, जो रोज किशोरवयीन मुलांमध्ये वावरतो: माध्यमिक शिक्षक, शाळेतले समुपदेशक, वसतिगृहाच्या अधीक्षक, बालरोगतज्ज्ञ. तेही फक्त मुंबईतले नकोत, गडचिरोली-नंदुरबारकडचेही हवेत. आणि वर्षातून एकदा, नऊही प्रादेशिक कार्यालयांनी चौदा-पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना बोलवून त्यांनाच विचारावं, की गेल्या वर्षी तुम्हाला कुठल्या सिनेमाची भीती वाटली, कशाची लाज वाटली, कुठला बघून घरी भांडण झालं आणि कुठला आई-वडिलांसोबत बघावासा वाटला. या मुलांना नीट विचारलं तर ती नीट सांगतात.

आणि शेवटी अपिलाबद्दल. २०२१मध्ये चित्रपट अपील न्यायाधिकरण बंद झालं. आता आपला निर्णय पटला नाही तर निर्मात्याला थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. छोटा मराठी निर्माता तिथवर पोचत नाही, तो निमूट कापतो किंवा ‘ए’ घेऊन गप्प बसतो. तेव्हा किशोरवयीन मुलांसाठीचा चांगला सिनेमा कुठे अडतो ते बाहेरच्या कोणालाच दिसत नाही. प्रत्येक निर्णयाची कारणं लेखी आणि सर्वांना वाचता येतील अशी जाहीर केली, तर निदान आमच्यासारखे लोक त्याच्या बाजूने बोलू शकतील.

आमच्या शाळेची सिनेमाची यादी जूनमध्ये ठरते. यंदा ‘शाळा’, ‘किल्ला’ आणि ‘फँड्री’ आहेत. प्रत्येक सिनेमाआधी मी पालकांना एक चिठ्ठी पाठवते: यात काय आहे, का दाखवतोय, घरी काय बोलता येईल. ती लिहायला मला अर्धा तास लागतो. आपल्या समित्या सिनेमा पूर्ण बघतात, त्यावर चर्चा करतात, टिपणं काढतात. त्या टिपणांतल्या दोन ओळी आकड्याखाली छापायला सुरुवात करावी. नमुन्यादाखल माझ्या तीन चिठ्ठ्या सोबत जोडल्या आहेत.

कळावे,
आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका